अक्काची राहिलेली नदी

अक्का गेली तेव्हा मी तिरुनीलक्कुडीला एका लग्नात केळीच्या पानासमोर बसलो होतो. शेजारच्या जयलक्ष्मीचा फोन आला. "अक्का उठत नाहीत हो..." एवढंच ती तमिळमध्ये म्हणाली आणि रडायला लागली. पानावर वाढलेला भात तसाच टाकून मी उठलो. बसमध्ये मनाला सारखं समजावत होतो, की जयलक्ष्मी मुलखाची घाबरट आहे, अक्का गोळी घेऊन गाढ झोपली असेल. घरी पोचलो तर दारात चपलांचा ढीग. त्याला आता सहा आठवडे झाले.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण इंदिरा. आमचे पूर्वज मराठ्यांच्या राज्यात तंजावूरला आले आणि आम्ही कुंभकोणमचे झालो. बाहेर तमिळ, उंबऱ्याच्या आत आमची जुनाट मराठी, जी ऐकून पुण्याचे पाहुणे गालातल्या गालात हसतात. अक्का मुलींच्या शाळेत चित्रकलेची टीचर. तिनं लग्न केलं नाही, आणि माझी बायको गेल्यावर मी तिच्याकडेच राहायला आलो. जन्मभर तिनं सफरचंद, तांब्या आणि फुलदाणी शिकवली. पोरींना खडू फेकून मारायची, पण पोरी तिच्यावर जीव टाकायच्या. निवृत्त झाल्यावर एका मार्गळीत, म्हणजे आमच्या हिवाळ्याच्या ऐन महिन्यात, तिनं जाहीर केलं, "माधू, मला नदी काढायची आहे. पनींतली." पनी म्हणजे आमच्याकडचं दव, धुकं, सगळंच. म्हटलं, घरात बसून काढ की, फोटो काढून आणतो. तर म्हणे, "फोटो बघून काढायला मी काय क्यालेंडरवाली आहें?"

झालं. स्कूटरवर तिला मागं बसवायचं, मांडीवर रंगांची पेटी, आणि पहाटे तिरुवलंचुळीच्या पुढं नदीकाठ गाठायचा. पहिल्या हिवाळ्यात तिची फजितीच झाली. ती नारळीच्या झाडाचं माप घेईपर्यंत ते झाड धुक्यात गडप! "सफरचंद पळत नाही रे, हे मेलं पळतंय," म्हणून ती इतकी हसली, की सायकलवरचा दूधवाला थांबून बघायला लागला. महिनाभरात एकही चित्र धड झालं नाही. पण परतताना कापी पिऊन ती उद्याच्याच गोष्टी बोलायची. एक नदी, मनासारखी, आपल्या हातानं... तिला बाकी काही नको होतं.

दुसऱ्या हिवाळ्यात तिचा हात कापायला लागला. आमच्याकडची थंडी तुम्हाला थट्टाच वाटेल, पण पनी डोक्यात उतरते म्हणून मार्गळीत आम्ही कानांना मफलर गुंडाळून हिंडणारी माणसं. मी तिथंच निदान केलं, पनी बाधली. मोठा शहाणा मी! हुकूम काढला, ऊन पडल्याशिवाय घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. मग रोज नऊला आम्ही नदीवर जायचो, तेव्हा पाणी लख्ख आणि त्यात म्हशी डुंबत असायच्या. धुक्याचा पत्ता नाही. अक्का फक्त म्हणायची, "आजही पळालं." तो अख्खा हिवाळा मी असा घालवला. नंतर भर चैत्रात, अंगाची लाही होत असताना, ती मला ताक वाढत होती आणि भांडं पेल्यावर टणटण आपटायला लागलं. आम्ही एकमेकांकडे बघितलं. "ही पनी नव्हे रे, माधू," ती म्हणाली. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. तिचा हात जरा बरा होता तो एक हिवाळा मीच वाया घालवला, याची चीड मला अजून झोपू देत नाही.

गेल्या मार्गळीत तिनं गोळीची वेळ बसवून घेतली. गोळी घेतल्यावर थोडा वेळ हात ताब्यात राहायचा, तेवढ्यात काय ते करायचं. एका पहाटे धुकं असं दाट होतं की पलीकडचा काठ दिसत नव्हता. कागदावर दव टपकू नये म्हणून मी छत्री धरून उभा. तिनं फळीवर ताणून लावलेला कागद ओला केला, दोन-तीनदा कुंचला फिरवला आणि थांबली. दहा मिनिटं गेली, पंधरा गेली. कुंचला हवेत, हात कापतोय, नजर कागदावर. मला कागद दिसतच नव्हता, मी तो हात बघत होतो.

"पुरे अक्का. जाऊं घरी."

"उगा राहा रे थोडं."

"मला बघवत नाही गं!"

मी तिच्या हातातून कुंचला काढून घेतला, फळी पिशवीत घातली, पेटी बंद केली. खडू फेकून मारणारी माझी बहीण उठून स्कूटरवर मागं बसली. ती पुन्हा नदीवर चल म्हणाली नाही आणि मीही विचारलं नाही. मग ताप आला, अंथरूण आलं...

गेल्या आठवड्यात वसंता भेटायला आली. अक्काची विद्यार्थिनी, आता त्याच शाळेत चित्रकला शिकवते. टीचरांचं सामान बघू का म्हणाली, म्हणून ती पिशवी मी तिच्यापुढं ठेवली. म्हटलं, कोराच आहे शेवटचा कागद, नाही जमलं तिला. वसंतानं फळी परसात उजेडाला धरली आणि कितीतरी वेळ खाली ठेवलीच नाही.

"कोरा कुठं आहे, सार? धुकं किती सुरेख उतरलंय बघा."

मी बघितलं. वरच्या अर्ध्यात फिकट करडा रंग, त्यात नारळीची दोन झाडं दिसतील न दिसतील अशी. कडेला माझ्या अंगठ्याचा ठसा.

"आता खाली नदी यायची," वसंता म्हणाली. "पण हा थर वाळल्याशिवाय हात लावता येत नाही, नाहीतर ओल्यात रंग पसरून सगळं फुटतं. पनीत वाळायला तास तास लागतो. टीचर वाट बघत असणार."

वाट बघत होती... हात तसा कापत असताना वाट बघत होती, आणि मी तिला उठवून घरी आणलं. आता कुणाची माफी मागू?

तिच्या खोलीत खिडकीखाली ती फळी मी टेकवून ठेवली आहे. रोज सकाळी कागदाला बोट लावून बघतो. खडखडीत वाळलाय.