गिरगावचे हॉस्टेल आणि लालबागची ट्रंक

सुलू, अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घही चुकले असेल, त्याबद्दल माफ कर. चौथीनंतर मी सही आणि वाणसामानाची यादी सोडून काही लिहिलेले नाही. तोंडाने सांगायला गेले की तू मधेच बोलतेस आणि मी गप्प होते, म्हणून रेश्माच्या उरलेल्या वहीत लिहिते. दुसऱ्या कुणाला दाखवू नकोस.

तीन वर्षांपूर्वी जूनमध्ये मी रेश्माला मुंबईला सोडायला निघाले, तेव्हा बसची जाण्यायेण्याची तिकिटे सोडून माझ्याजवळ पंचवीस हजार रुपये होते. कॉलेजची फी आधीच भरलेली होती. गिरगावातल्या मुलींच्या हॉस्टेलच्या माहितीपत्रकात भाडे वर्षाला वीस हजार आणि जेवण महिन्याला तीन हजार असे छापले होते. म्हणजे तेवीस. वर दोन हजार घेतले आणि आपण फार हुशार आहोत असे मला परळपर्यंत वाटत होते.

सकाळी परळला बसमधून उतरलो. दोन बॅगा, तांदळाचे बोचके आणि एक फणस. फणस कुणासाठी ते ठरले नव्हते, पण रिकाम्या हाताने कसे जायचे? टॅक्सीवाल्याने प्रत्येक नगाचे वेगळे पैसे लावले.

"काका, फणसाचे पण?" रेश्माने विचारले.

"ताई, माझ्यापेक्षा जड आहे तो. सीट मागितली नाही हे नशीब समजा."

फणसाचे दहा रुपये गेले. माहितीपत्रकात हे नव्हते.

गिरगावात गल्ल्या अरुंद आणि घरांना लाकडी कठड्यांच्या लांब गॅलऱ्या आहेत. एका गल्लीच्या टोकाला समुद्राची पट्टी दिसते. आपल्या समुद्राच्या मानाने फारच थोडी, पण लोक थांबून बघतात. हॉस्टेल जुने आणि स्वच्छ आहे. रेक्टर (हॉस्टेल सांभाळणाऱ्या बाई) चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "भाडं वीस. जेवणाचे तीन महिन्यांचे आगाऊ, नऊ. डिपॉझिट (शेवटी परत मिळणारी रक्कम) आठ. एकूण सदतीस हजार."

"पण कागदावर तसं नाही लिहिलेलं," रेश्मा म्हणाली.

"कागद मागच्या वर्षीचा आहे. गादी आणि कुलपाची पेटी आपापली आणायची. उद्या दुपारी बारापर्यंत भरा, नाहीतर कॉट यादीतल्या पुढच्या मुलीला जाईल."

मी मान हलवली. मला वाद घालता येत नाही. बारा हजार कमी होते, तेही आम्ही दोघी काही न खाता राहिलो तर.

तरीही आम्ही दादरला गादीची किंमत काढायला गेलो. पैसे नसले की माणूस भाव विचारत हिंडतो. गादी नऊशे, पेटी अठराशे. पेटीवाला म्हणाला, "मावशी, ही तुमच्या नातवापर्यंत टिकेल." मुलीची तीन वर्षे निभावली तरी मला पुरे होते. दोघींत एक पियूष (ताकासारखे दिसणारे, श्रीखंडासारखे लागणारे पेय) प्यायलो. चांगले होते. मी रेश्माला म्हटले, "आपण रात्रीच्या बसने परत जाऊ. पुढच्या वर्षी बघू."

ग्लासाच्या तळचे उरलेले तिने पिऊन टाकले. मग म्हणाली, "पप्पांची ट्रंक आहे ना लालबागला? निदान ती घेऊन जाऊ. पेटीचे तरी वाचतील."

ती ट्रंक तुला माहीत आहे. हे लग्नाआधीपासून लालबागला आपल्या गावकीच्या, म्हणजे गावच्या पुरुषांनी मिळून घेतलेल्या, खोलीत राहायचे. आजारी होऊन गावी आले, तेव्हा ट्रंक तिथेच ठेवून आले, बरे झाल्यावर परत जायचे म्हणून. ते गेल्यावरही दर गणपतीला मुंबईकर घरी यायचे आणि ट्रंकेचे वर्षाचे तीनशे साठ रुपये न्यायचे. तू म्हणायचीस, "मेलेल्या माणसाच्या पेटीचं भाडं भरतेस, खुळी आहेस." मलाही ते पटत होते. पण दारात आलेल्या माणसांना नाही म्हणायला तोंड उघडावे लागते, म्हणून मी भरत राहिले.

खोली चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर आहे. दारात बायका बघून आत बनियनवर बसलेले सात पुरुष एकदम शर्टांकडे धावले. दोघांनी एकच शर्ट धरला. खोलीचा कारभार बघणारे वसंतभावजी तेवढे शांत होते. त्यांच्या अंगात शर्ट होता.

"वैनी, येवा, येवा. फणस खयचो? आमच्या परड्यातलो?"

फणसाला शेवटी धनी मिळाला. मी दारातच उभी राहिले आणि ट्रंक न्यायला आले म्हणाले.

भिंतीभर ट्रंका एकावर एक रचलेल्या होत्या, प्रत्येकीवर रंगाने नाव. यांची खालून दुसरी. भावजी म्हणाले, "नेवा. पण ट्रंक गेली की वहीतला नाव गेला. मग खोलीशी संबंध रवाचो नाय. इतकी वर्षां भरल्यात, आणि आता कित्याक नेतास?"

"हॉस्टेलला पेटी लागते," मी म्हटले.

"आणि काय लागता?"

रेश्मा बोलणार होती, तिला मी हाताने थांबवले. मागायचे तर मीच मागायला हवे होते. सात माणसे बघत होती, म्हणून मी ट्रंकेकडे बघत सांगितले, "बारा हजार. उद्या बाराच्या आत."

भावजींनी वही काढली. ट्रंकवाल्याला खोलीच्या फंडातून पंधरा हजारांपर्यंत उचल (बिनव्याजी कर्ज) मिळते. मला हे कुणीच सांगितले नव्हते, कारण मी कधी विचारले नव्हते.

कोपऱ्यातला एकजण अजून शर्टाची बटणे लावत होता. तो म्हणाला, "पण मेंबर हयात नको?"

"वहीत ट्रंक लिवलली आसा," भावजी म्हणाले, "माणूस नाय. ट्रंकेचे पैसे येतत, म्हणजे ट्रंक हयात. तू आदी बटणां सरळ लाव." मग माझ्याकडे वळले. "वैनी, बारा नको, पंधरा घेवा. गादी पण घेवची आसतली. पोरीन पयल्या म्हयन्यात रस्त्यावर नुसता बघून पोट भरूचा काय?"

सही मी यांच्या नावासमोर केली. फणस तिथेच फोडला आणि सगळ्यांच्या हातांना चीक लागला. खोलीत बायकांना राहता येत नाही, म्हणून आम्ही शेजारच्या काकूंच्या स्वयंपाकघरात झोपलो. दुसऱ्या दिवशी साडेदहाला पैसे भरले. पेटी अठराशेला विकतच घेतली. ट्रंक जागची हलवली नाही. गावी येताना पिशवीत परतीचे तिकीट आणि चाळीस रुपये होते. तुला मी तेव्हा सांगितले, सगळे ठरल्याप्रमाणे झाले.

तीन गणपतींत मिळून मी सात हजार फेडले. शाळेत खिचडी शिजवते त्याचा पगार उशिरा यायचा, पण गणपतीच्या आत यायचा. राहिले आठ.

गेल्या आठवड्यात रेश्माला आणायला गेले. डिपॉझिट परत मिळते यावर माझा तीन वर्षे विश्वास नव्हता. मिळाले. पंख्याच्या बटणाचे दोनशे कापून सात हजार आठशे. पैसे रेश्माच्या खात्यात आले, तिने ते मशीनमधून काढून दिले, मी वर दोनशे घातले आणि लालबागला गेले. पुन्हा शर्टांची धावाधाव झाली. भावजींनी आठ हजार दोनदा मोजले आणि वहीत लिहिले, 'उचल पूर्ण फिटली.' ते मी स्वतः वाचले.

"आता ट्रंक नेतास?" त्यांनी विचारले.

ट्रंक खालून दुसरीच होती. तुझी लेक मनाली यंदा बारावीला आहे, पुढच्या जूनमध्ये तिलाही हॉस्टेल लागेल. मी पाकिटातून तीनशे साठ रुपये काढून वहीवर ठेवले. त्यातले एकशे ऐंशी तुझे आहेत. रविवारी येशील तेव्हा आण.