खारोड्यांतलं मीठ

आईच्या डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला होता आणि उजव्याने आधीपासूनच अंधुक दिसायचं, पण रक्तदाब जास्त म्हणून नांदुऱ्याच्या डॉक्टरांनी शस्त्रक्रिया दोनदा पुढे ढकलली. दुसऱ्या वेळी ते म्हणाले, "गोळी चालूच ठेवा, पण मीठ कमी करा. दिवसाला माणशी पाच ग्रॅम पुरे. सैंधव घेतलं तरी हिशेब तोच."

ग्रॅमची भाषा मला समजते. आम्ही घरात चौघं: आई, बायको, मुलगी आणि मी. एक किलोची मिठाची पुडी पंचवीस दिवसांत संपायची, म्हणजे माणशी रोज दहा ग्रॅम. मी पुडीवर तारीख लिहायला लागलो आणि बायकोने भाजीतलं मीठ निम्मं केलं. पुढची पुडी पन्नास दिवस पुरली. मला वाटलं, झालं काम.

तिसऱ्यांदा गेलो तर रक्तदाब होता तिथेच. शस्त्रक्रिया पुन्हा पुढे गेली. परतताना एसटीत आई एवढंच म्हणाली, "तुयं तोंड बी आता धूसर दिसते, बाबू."

घरी आल्यावर मी पुड्यांच्या तारखा पुन्हा तपासायला घेतल्या. बायको ज्वारीचं पीठ मळत होती. वर न बघता म्हणाली, "पुडी तर मोजून राह्यले तुम्ही, पण खारोड्यायचा डबा कोण मोजून राह्यलं?"

बाजरीच्या खारोड्या, सांडग्यासारख्या, आमच्याकडे उन्हाळ्यात घालून, वाळवून वर्षभर खातात. त्यात पडतं ते खडेमीठ, वेगळ्या पोत्यातलं. ते माझ्या हिशेबात कधी आलंच नव्हतं.

"भाजीले चवच नाही राह्यली," आई म्हणाली. "मंग दोन-चार मुठी खाते कांद्यासंगं. त्याच्यात काय होते?"

पाच किलो बाजरीला ती दोनशे ग्रॅम मीठ घालते. तिची मूठ मी वजनकाट्यावर ठेवली, पन्नास ग्रॅम भरली. रोजच्या तीन मुठी धरल्या तर जवळजवळ सहा ग्रॅम मीठ नुसत्या खारोड्यांतून जात होतं.

मग ठरलं, दिवसाला मोजून दहा खारोड्या, आणि लोणचं बंद. खारोड्या बायकोने वाटीत द्यायच्या, मी रोज वहीत लिहायच्या. दोन महिन्यांनी रक्तदाब उतरला. त्याच काळात आई गोळीही न चुकता घ्यायला लागली होती, म्हणून सगळं श्रेय मी मिठाला देत नाही. शस्त्रक्रिया झाली.

पट्टी निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी बायकोने आईपुढे खारोड्यांची वाटी ठेवली. आईने एकेक खारोडी बोटाने बाजूला सारली.

"आठच हायेत," ती म्हणाली. "दहा ठरल्या होत्या न?"

मी बायकोकडे पाहिलं.

"पहिल्या दिवसापासून आठच देऊन राह्यली मी," ती म्हणाली. "तेव्हा त्यायले दिसत नव्हतं. आणि तुम्ही तर वहीतच पाहून राह्यले होते."

वहीत मी दोन महिने रोज दहा लिहिले होते. ते खोडून आठ केले. आईच्या वाटीत मात्र त्या दिवशी दोन वाढवल्या.