लाभार्थ्यांनी नाकारलं

माझी बायको पालममध्ये विस्मरणाचा आजार असलेल्या म्हाताऱ्या माणसांसाठी दिवसभराचं केंद्र चालवायची. तळमजल्यावर भाड्याच्या तीन खोल्या आणि पुढे थोडं अंगण. सकाळी घरचे लोक आणून सोडत, संध्याकाळी घेऊन जात. सरकारी अनुदानासाठी तिने एकदाच अर्ज केला. तो फेटाळला गेला आणि त्यानंतरच्या थंडीत ती गेली. हृदय, असं डॉक्टर म्हणाले. मी वाद घातला नाही. पण संध्याकाळी पुस्तक घेऊन माझ्या शेजारी बसायची तिची सवय त्या शेवटच्या महिन्यांत सुटली. ती तपासणी अहवालातल्या एका ओळीला उत्तरं लिहीत बसायची. ते महिने माझे होते, आणि ज्या माणसाने ते घेतले त्याला मी सोडणार नव्हतो.

अनुदान मागितलं की तपासणीला अधिकारी येतो. केंद्र खरंच चालतं का, माणसं खरंच येतात का, हे पाहायला. त्यात गैर काही नाही. दिल्लीत तपासणीच्या दिवसापुरती माणसं गोळा करून बसवणाऱ्या संस्था मीही पाहिल्या आहेत. आमच्याकडे अधिकारी आले तेव्हा दाराशी आमचे सुभेदार बसले होते. मूळचे साताऱ्याकडचे, निवृत्त, मुलगा कॅन्टोन्मेंटमध्ये नोकरीला. अधिकाऱ्यांनी त्यांना विचारलं, रोज येता का. सुभेदार उठले, सॅल्यूट ठोकला आणि प्रामाणिकपणे म्हणाले, "नहीं साहब, आज ही आया हूँ."

ते तीन वर्षं रोज येत होते. आतल्या एका निवृत्त मुख्याध्यापिका बाईंनी तर आपण इथे रोज येतच नाही, मुलीला पोचवायला आलो आहोत, असं सांगितलं. बायकोने अधिकाऱ्यांना आजार समजावून सांगितला. ते हसले. म्हणाले, मॅडम, बीमारी अपनी जगह, हम तो जो सुनेंगे वही लिखेंगे. आणि लिहिलं: लाभार्थ्यांनी नियमित येत असल्याचं नाकारलं.

मी एका मंत्रालयात अनुवादक होतो. लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये आमचा संसार झाला, आणि नोकरीभर मी असल्या ओळी या भाषेतून त्या भाषेत नेल्या. त्यामुळे ही ओळ किती पक्की आहे ते मला वाचताक्षणी कळलं. तिच्यात खोटं काहीच नव्हतं. बायकोला मात्र वाटत राहिलं की नीट समजावलं तर कोणीतरी ती खोडेल.

तिचे दिवस झाल्यावर मी मुलीला सांगितलं की अर्ज पुन्हा करायचा. घरमालक भाडं वाढवत होता. अनुदान आलं नाही तर वर्ष-दीड वर्षात केंद्र बंद करावं लागणार होतं. मुलगी गुडगावला एका कंपनीत आहे. तिने विचारलं, "आईसाठी करताय ना बाबा?"

मी म्हणालो, "सूड म्हणून करतोय."

"सूड म्हणजे?"

"बदला."

"अच्छा," ती म्हणाली आणि लॅपटॉप उघडला.

बायकोचा जुना अर्ज मी आधी वाचून काढला. 'इथे आजी-आजोबांना हरवलेलं घर पुन्हा सापडतं,' असं तिने लिहिलं होतं. वाचताना मला थांबावं लागलं. मग मी ते वाक्य काढून टाकलं. त्या जागी किती माणसं, किती तास, जेवणात काय, मदतनीस किती आणि त्यांचा पगार काय, हे लिहिलं. तिची सगळी विशेषणं मी एकेक करून काढली. ते करताना तिचा आवाज पुसतो आहे असं वाटायचं, पण नकार द्यायला त्या माणसाला कुठे बोट ठेवता येऊ नये, एवढंच मला हवं होतं.

संस्थेची सचिव तीच होती. पोर्टलवर नंबर तिचा, त्यामुळे ओटीपी तिच्या फोनवर जायचा. कार्यकारिणीचा ठराव करून सचिव म्हणून माझं नाव लावणं, मग ते नोंदणी कार्यालयात आणि बँकेत बदलून घेणं, यात पावसाळा संपला. तोवर मी तिचा फोन चार्ज करत राहिलो. नंबर बदलल्याचा संदेश आला तो त्याच फोनवरचा शेवटचा. तो बंद करून मी पुस्तकांच्या कपाटात, तिच्या खणात ठेवला.

मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब लावले, भाडेकरार नवा केला. प्रत्येक म्हाताऱ्या माणसाचं डॉक्टरी प्रमाणपत्र आणि शेजारी घरच्यांचं पत्र: आम्ही यांना रोज सकाळी इथे सोडतो. ही पत्रं कुठल्याच नियमात मागितलेली नव्हती. मी ती सर्वांत वर लावली.

तपासणीला तेच अधिकारी यावेत अशी माझी फार इच्छा होती. तेच आले. आदल्या संध्याकाळी मुलीने मला बजावलं होतं, "बाबा, प्लीज, उद्या तुम्ही काही बोलायचं नाही. बिल्कुल नाही. त्याने एक लाइन उलटी लिहिली तर खतम आहे सगळं." मी कबूल झालो होतो. तिचं म्हणणं खरंच होतं.

दाराशी सुभेदार होते. त्यांनी सॅल्यूट केला, नाव विचारलं, गाव विचारलं. अधिकाऱ्यांनी रोहतक सांगितलं. रोहतकचे जवान चांगले, असं सुभेदार म्हणाले आणि त्यांनी हात मिळवला. मग अधिकारी आत गेले. स्वयंपाकघर, न्हाणीघरातले धरायचे दांडे, औषधांचं कपाट, सगळं त्यांनी पाहिलं. घरची मंडळी रांगेत बसली होती, त्यांच्याशीही बोलले. मुलगी आणि मी मागे मागे, मी तोंड मिटून.

परत बाहेर आले तर सुभेदार पुन्हा उठले. पुन्हा सॅल्यूट. "आप पहली बार आए हैं, साहब?"

अधिकारी हसले. "बाबाजी, अभी तो मिले थे. रोहतकवाला."

सुभेदारांचा चेहरा कडक झाला. त्यांच्या पहाऱ्यावर कोणी शंका घेत होतं. "नहीं साहब. मैं सुबह से गेट पर हूँ. यहाँ कोई नहीं आया."

अधिकाऱ्यांनी आधाराला इकडे तिकडे पाहिलं. मुलीची नजर माझ्यावर होती, आणि तिला काय हवं होतं ते मला माहीत होतं. मी म्हणालो, "यह भी लिख लीजिए, साहब. लाभार्थी ने आपका आना नकारा है."

ओळ त्यांना ओळखू आली. हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी हळू आवाजात विचारलं, पिछली बार एक मॅडम थीं. मी म्हणालो, मी त्यांचा नवरा, त्या आता नाहीत. त्यांना माहीत नव्हतं, ते सॉरी म्हणाले. अशा वेळी 'कोई बात नहीं' म्हणायची रीत आहे. मी म्हणालो नाही. ते वाट पाहत उभे राहिले आणि मी त्यांना तसंच उभं राहू दिलं.

शेवटी ते खुर्चीत बसले आणि लिहू लागले. घरी जाताना मुलीने मला गाडीत मागे बसवलं.

अहवाल आला तो शिफारशीचा. त्यात एक ओळ होती: आजारामुळे लाभार्थ्यांचं तोंडी म्हणणं ग्राह्य धरलेलं नाही. बायको जी ओळ मागता मागता गेली ती हीच. जुना शेरा चुकला, असं मात्र त्यात कुठेही नव्हतं. पहिला हप्ता आला, घरमालकाचं तोंड बंद झालं. मुलीने मिठाई आणली आणि म्हणाली, "आता जाऊ द्या ना बाबा."

पण अनुदान एकदा मिळून संपत नाही. दरवर्षी खर्चाचा हिशेब द्यावा लागतो, दरवर्षी तपासणी होते, आणि पालमचा भाग अजून त्या अधिकाऱ्यांकडेच आहे. त्यांना चहा मिळेल, खुर्ची मिळेल, कागद सगळे जागेवर असतील. दाराशी सुभेदार त्यांना विचारतील, पहिल्यांदाच आलात का. सुभेदारांच्या लक्षात काही राहत नाही. माझ्या राहतं.