चपला काढून गादीवर

मित्रांनो, आजचीच गोष्ट आहे, लिहितोच.

पारोळ्यात माझं साड्यांचं दुकान आहे. समोरच एका शेठजींचंही साड्यांचंच. ते माझी गिऱ्हाइकं रस्त्यातून हाका मारून ओढतात, म्हणून आमचं बोलणं बंद आहे.

आज दुपारी एक गिऱ्हाईक तणतणत आत आलं आणि धुऊन सगळा रंग गेलेली साडी माझ्यापुढे आपटली. "बठ्ठा रंग उतरी गया! माले येडा समजतस का?"

दारात गर्दी जमली. गिऱ्हाइकाने माझी कॉलर धरली. माझाही हात उठलाच होता.

तेवढ्यात शेठजींची सवय आठवली. चिडलेल्या माणसाला ते आधी चपला काढायला लावून गादीवर बसवतात. मांडी घातली की आवाज आपोआप उतरतो.

"भाऊ, चपला काढा, बसा. पाणी घ्या."

कॉलर सुटली. मी साडी बदलून दिली.

गिऱ्हाईक गेलं आणि समोरून शेठजी हसत आले. "आमचीच युक्ती का?"

माझं डोकंच सणकलं. इतक्या दिवसांचं सगळं ओठांवर आलं. तोवर त्यांनी चपला काढल्या, माझ्या गादीवर मांडी घातली आणि पाणी मागितलं.

गादीवर बसून पाणी मागणाऱ्याशी भांडायचं कसं? मी तांब्या पुढे केला.

माणूस अजूनही आवडत नाही. तुमच्याकडे आहे का असा कोणी, ज्याचं तोंड बघवत नाही आणि ज्याच्यामुळेच तुम्ही मार खाता खाता वाचलात?