पेंटरमामांची फुली

तीन मजली परांचीवर बेधडक चढणारे पेंटरमामा चित्रातले डोळे काढायची वेळ आली की घाबरत. शहागंजातल्या त्यांच्या बोळातल्या बोर्ड रंगवायच्या दुकानात मी चित्रकला शिकले. डोळ्यांची पाळी आली की ते ब्रश धुवायचे, चहा मागवायचे, पुन्हा ब्रश धुवायचे. मी हसले की म्हणायचे, "हसू नको पोरी. ज्याला डोळ्यांचं भ्या नाय, त्यानं दारं-खिडक्या रंगवाव्या."

फ्लेक्स आले, बोर्ड गेले. तेव्हा मामांनी करमाडला, आपल्या गावी, बुद्धविहाराची भिंत रंगवायला घेतली. चित्र होतं गावातल्या पहिल्या धम्मदीक्षेच्या दिवसाचं, पांढऱ्या कपड्यांतली माणसं. लग्नपत्रिकेच्या पाठीवर काढलेलं कच्चं चित्र कायम त्यांच्या खिशात असे. घरोघरचे जुने फोटो मागून ते एकेक चेहरा भरत होते. शेवटच्या रांगेतल्या एका बाईचा चेहरा तेवढा राहिला, आणि मामाच गेले.

भिंत पुरी करायचं माझ्यावर आलं. मामांची ती पत्रिका काढून पाहिली. त्या बाईच्या चेहऱ्यावर फुली होती. माझ्या वहीत मामा अशाच फुल्या मारत, आणि मी ते चित्र खोडत असे. म्हणजे ही बाई नको. मी पांढरा रंग कालवला, परांचीवर चढले, पण हात उचलेना. एक माणूस गावातून कायमचं पुसतेय असं वाटलं.

खाली मामी डबा घेऊन आल्या होत्या. मी उतरून पत्रिका दाखवली. "मामी, ही बाई खोडायचीय का?"

"खोडती कशाला? बोर्डावर माप घ्यायचं राहिलं की तिथं फुली मारायचे ते." मग म्हणाल्या, "सासूबाई हायेत त्या. फोटो एकबी नाय. ह्यांना चेहरा आठवंना झाला होता. लई भ्याले होते."

"तुम्ही पाहिलंय त्यांना?"

"नाय. माझ्या लग्नाआधीच गेल्या. पण म्हातारी माणसं म्हणायची, पोरानं डोळे आईचेच घेतलेत."

म्हणजे माझ्या वहीतल्या फुल्याही खोडण्यासाठी नव्हत्या. पुन्हा नीट बघ, एवढंच ते सांगत होते आणि मी मूर्खासारखी खोडत राहिले.

मामांचे डोळे मला पाठ होते. मी ब्रश धुतला, चहा प्याले, पुन्हा ब्रश धुतला. मग त्या बाईला मामांचे डोळे काढले.

खाली उतरले तेव्हा मामी भिंतीकडे बघत उभ्या होत्या. त्यांनी डोक्यावरून पदर घेतला, सासूसमोर घेतात तसा.