सत्तेचाळीस नंबरची चाल

भाईंदरजवळच्या पूनम सागर वसाहतीत आम्ही राहायला गेलो तेव्हा आमच्या वरच्या मजल्यावर ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवणारे एक गृहस्थ राहायचे. सगळी बिल्डिंग त्यांना भाऊ म्हणायची. एका डिसेंबरात ते दोन महिन्यांच्या दौऱ्यावर निघाले आणि जाण्याआधी एक लांबलचक काळी पेटी कडेवर घेतल्यासारखी धरून आमच्या दारात उभे राहिले.

"वहिनी, हा जुना सिंथेसायझर तुमच्याकडे ठेवू का? माझ्या छतातून टाकीचं पाणी पाझरतंय. घर बंद असताना भिजला तर वाट लागेल."

"ठेवा की," मी म्हटलं. मग राहवेना. "वाजवला तर चालेल?"

"बिनधास्त! फक्त काळ्या पट्ट्या वाजवा. कशाही दाबा, वाईट लागतच नाही."

मला संगीतातलं ओ की ठो कळत नव्हतं. शाळेत समूहगीताला बाईंनी मला मागच्या रांगेत उभं करून नुसतं तोंड हलवायला सांगितलं होतं. पण त्या पेटीत शंभराच्या वर आवाज आधीपासून भरलेले होते. बटण दाबलं की छोट्या हिरव्या पडद्यावर आकडा बदलायचा आणि तीच पट्टी सनई व्हायची, घंटा व्हायची, अख्खा व्हायोलिनचा ताफा व्हायची. ऑफिसातून आले की पर्स खुंटीला अडकवायची आणि एकेक आकडा पुढे सरकायचं. वेड लागलं होतं मला. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहून जायच्या.

हळूहळू एक गंमत लक्षात आली. चाल मला सुचायचीच नाही, ती त्या आवाजातून निघायची. व्हायोलिनवर पट्टी घाईने सोडली तर सूर उमटायचाच नाही, म्हणून आपोआप लांब, संथ काहीतरी व्हायचं. सतारीचा सूर लगेच विझायचा, म्हणून बोटं धावायची. आणि सत्तेचाळीस नंबर! तो आवाज म्हणजे भरल्या हौदात कुणी बोटांनी पाणी उडवतंय. त्यावर पहिल्याच दिवशी पाच-सहा सुरांची एक चाल हाती लागली. ती मी इतक्यांदा वाजवली की नवरा दाढी करताना तीच गुणगुणायला लागला.

सासूबाई मात्र गप्प असायच्या. जन्म गिरगावच्या चाळीत गेलेला, इथे सगळी दारं बंद. शेजारी हिंदी, नाहीतर गुजराती. दिवसभर त्या खिडकीशी बसून राहायच्या. एका रविवारी मी टेलिफोनच्या घंटीचा आवाज लावला तर त्या ताडकन उठल्या.

"अगं, फोन वाजतोय, घे ना!"

"आई, आपल्याकडे फोन कुठाय? अर्ज केलाय फक्त."

त्या एवढ्या हसल्या, एवढ्या हसल्या, की पदराने डोळे पुसायला लागले. मग खुर्ची ओढून माझ्या शेजारीच बसल्या. "ती तुझी पाण्याची चाल लाव बघू," म्हणाल्या. मी वाजवली आणि त्यांनी खालच्या आवाजात शब्दच बसवले:

"दार उघड शेजारणी, हळद लावून जाते..."

माझी बोटं थांबली. "आई, हे कुठलं गाणं?"

"कुठलं नाही गं. आत्ताच आलं तोंडात."

तेवढ्यात बेल वाजली, खरीखुरी. समोरच्या गुजराती भाभी उभ्या होत्या. "भाभी, ये रोज क्या बजता है?"

मी ओशाळले. "सॉरी, अभी बंद करती हूं."

"बंद नहीं! दरवाजा खुला रखो ना. आधा सुनाई देता है, आधा नहीं."

त्या आत आल्या त्या थेट बाजापाशीच. ठेक्यांचीही बटणं होती. मी डिस्को लावला, रुंबा लावला, मग वॉल्ट्झ लावला. तो सुरू होताच भाभींनी टाळी धरली. "अरे, आ तो आपणो हींच छे!" हींच म्हणजे त्यांचा गरब्याचा ठेका. आणि लगेच गिरकी घेतली, तीही टीपॉय आणि सोफा यांच्यामधल्या दोन फुटांत. त्या परदेशी ठेक्यावर माझी चाल, सासूबाईंचे शब्द आणि भाभींच्या टाळ्या अशा चपखल बसल्या की आम्ही तिघी एकमेकींकडे बघून खिदळायलाच लागलो.

संक्रांतीनंतर आमच्याकडे हळदीकुंकू होतं. सासूबाईंना एकच धास्ती, इथे येतंय कोण? भाभींनी प्रत्येक मजल्यावर निरोप दिला आणि दुपारी चार वाजता हॉलमध्ये बायका मावेनात. मी घाबरत घाबरत आकडा लावला, तो भलताच लागला आणि पट्टी दाबताच हेलिकॉप्टर सुरू झालं! चार-पाच जणी खिडकीकडे धावल्या. हशा पिकला तो थांबेचना, आणि त्या हशात माझी भीती कुठल्या कुठे पळाली. मग सत्तेचाळीस लावला. सासूबाई गायल्या, मोठ्याने, मान वर करून. वाण लुटायचं राहिलं बाजूला, बायका टीपॉय भिंतीला सरकवून फेर धरायला लागल्या. दोन ओळींचंच गाणं, ते आम्ही किती वेळा म्हटलं देव जाणे.

भाऊ परत आले तेव्हा जिन्यातच त्यांच्या कानावर ती चाल पडली. बाजा न्यायला आले आणि विचारलं, "ही चाल कुणाची?"

"सत्तेचाळीस नंबरची," मी म्हटलं.

"तो आवाज मी कधी लावतसुद्धा नाही!" म्हणत त्यांनी दोन्ही हातांनी ती वाजवली, डाव्या हाताने खाली भरदार सूर भरत. माझ्या अंगावर काटा आला. ते बाजा घेऊन गेल्यावर घर अगदी ओकंबोकं वाटायला लागलं. पुढच्या रविवारी सासूबाई स्वतःच चपला घालून तयार झाल्या.

भाईंदरच्या दुकानात आम्ही तासभर एकेक लहान बाजा चालू करून आवाज ऐकत होतो. शेवटी दुकानदाराने विचारलं, "माताजी, बजाएगा कौन? बच्चा कितने साल का है?"

"बच्चा नहीं," सासूबाई त्यांच्या गिरगावी हिंदीत ठणकावून म्हणाल्या, "हम दोनों बजायेंगा!"