आठ दिवसांसाठी आलेले आतोबा

निरोप घेण्यात आमच्या आतोबांइतका तरबेज आणि जाण्यात त्यांच्याइतका कच्चा माणूस मी दुसरा पाहिला नाही. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, साताऱ्याकडचे, एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून उभी हयात घालवलेले. चार वर्षं ते वसईत आमच्या गोखिवऱ्याच्या घरी राहिले, आणि या चार वर्षांत त्यांनी दर सोमवारी सकाळी आमचा कायमचा निरोप घेतला. तोही तोंडदेखला नव्हे. इस्त्रीचा सदरा, पांढरी टोपी, हातात तपकिरी रेक्झिनची बॅग. देवाला नमस्कार करायचा, माझ्याकडून तळहातावर दही घ्यायचं, आमच्या ह्यांना "जावईबापू, फार केलंत हो माझं" म्हणायचं, खाली गेटवरच्या पाहुण्यांच्या वहीत 'बाहेर'च्या रकान्यात वेळ टाकायची आणि एसटी स्टँडची वाट धरायची. संध्याकाळी सहाला दाराची बेल वाजायची. दारात तेच आतोबा, तीच बॅग आणि हातात सुकेळ्यांचं, म्हणजे वसईच्या सुकवलेल्या केळ्यांचं पुडकं, कारण लेकीच्या घरी रिकाम्या हातानं येऊ नये. "इकडं जरा काम निघालं होतं," ते म्हणायचे, "म्हटलं आलोच आहे तर आठ दिवस राहून जावं."

लेकीच्या घरी आठ दिवसांच्या वर मुक्काम करायचा नाही, हा त्यांच्या आईनं घालून दिलेला नेम. खरं तर मी त्यांची लेक नव्हे, भाची. पण त्यांना मूलबाळ नव्हतं, आणि माझं शाळेचं सगळं वय आत्याच्या घरी गेलं, तेव्हा नेम मलाही लागू झाला. आठवड्याचे दिवस सात असतात असं आमचे हे एकदा बोलून गेले. "मग त्याला सातवडा म्हणाले असते," आतोबा म्हणाले. "सोमवार ते सोमवार बोटं मोजा जावईबापू. आठच भरतात." ह्यांनी खरोखर बोटं मोजली. आठ भरली. त्यानंतर हा विषय आमच्या घरात कुणी काढला नाही.

एकदा माणूस आठ दिवसांचा पाहुणा ठरला की त्याला आठ दिवसांत सगळं गाव पाहून घ्यावं लागतं. आतोबांनी वसई अशी दर आठवड्याला नव्यानं पाहिली. मंगळवारी किल्ला. तिथल्या पडक्या भिंतींसमोर उभं राहून ते घरमालकाच्या काळजीनं "गिलावा करायला हवा" म्हणायचे, आणि तसेच पुढे पाचूबंदरला जायचे. जन्मात मासळीला शिवले नव्हते, पण सुकत घातलेल्या बोंबलांच्या रांगा पाहून त्यांना डेपोत ओळीनं लावलेल्या गाड्यांचं समाधान मिळत असावं. तिथली एक मासेवाली त्यांची मैत्रीण झाली होती. "बाबा, खात नाय तं भाव कशाला इचारता?" असं ती दर मंगळवारी विचारायची आणि वर "उनातून आलाव, पानी प्या" म्हणून तांब्या पुढे करायची. आतोबा पाणी प्यायचे, भाव ऐकायचे आणि घरी येऊन ह्यांना सांगायचे. आमचे हे मालवणचे. त्यांना पापलेटाचा भाव एका सातारी शाकाहारी माणसाकडून कळतो याची त्यांना मनातून लाज वाटायची. बुधवारी आमच्याकडे मासळी शिजायची तेव्हा आतोबा ताट घेऊन बाल्कनीत बसत. "वास जरा अंगावर येतो," म्हणत. पण तिथूनच "आज बांगडा वाटतं, मागच्या खेपेपेक्षा ताजा आहे" असा निकालही देत, आणि तो कधी चुकला नाही.

गुरुवारी ते पालिकेच्या बसनं गास गावाला जात आणि शेतांच्या बांधावर उभं राहून भाजीवाल्यांना खतपाण्याबद्दल सल्ले देत. बस किती मिनिटं उशिरा आली हे खिशातल्या चिटोऱ्यावर टिपून ठेवत. ते चिटोरं कुणाला दाखवायचं होतं, देव जाणे. परत येताना पिशवीत लाल माठ, वाल, वेलीवरून स्वतः तोडल्याच्या थाटात आणलेलं पडवळ. शुक्रवारी सोपाऱ्याचा स्तूप. शनिवारी मात्र ते घराबाहेर पडत नसत, कारण शनिवारी ते स्वयंपाक करायचे. स्वयंपाक म्हणजे पिठलं, आत्याच्या हातचं म्हणून सांगितलेलं आणि दर वेळी गुठळ्या झालेलं. सकाळी सायकलवरून भोंगा वाजवत येणाऱ्या पाववाल्याचा पाव सुरुवातीला त्यांना पोकळ वाटायचा. वर्षभरात त्यांनी तो पाव त्याच पिठल्यात बुडवून खायला सुरुवात केली आणि "भाकरीला पोट असतं, पावाला हृदय असतं" असं काहीतरी बरळले. रविवारी आमच्याबरोबर गाडीतून कधी चिंचोटीच्या बाजूला, कधी अर्नाळ्याला. आणि संध्याकाळी कढी-खिचडी. पातेलं टेबलावर आलं की आतोबा घसा खाकरून स्टँडवरच्या आवाजात घोषणा करायचे, "कढी-खिचडी ही गाडी फलाट क्रमांक दोनवर लागलेली आहे. प्रवाशांनी हात धुऊन घ्यावेत." शेजारच्या फ्लॅटमधूनही हसू ऐकू यायचं.

आता हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं आहे, आणि आम्ही ते नेलंच. पण त्याचं मूळ हसण्यासारखं नव्हतं. आत्या गेली तेव्हा दिवसकार्य उरकल्यावर मीच त्यांना म्हटलं होतं, "आठ दिवसांसाठी तरी चला." घराला कुलूप मी लावलं आणि किल्ली त्यांच्या बॅगेच्या कप्प्यात टाकली. पहिल्या सोमवारी ते खरोखरच गावी निघाले होते. संध्याकाळी परत आले, म्हणाले, गाडीला गर्दी फार. दुसऱ्या सोमवारी गाडी बिघडली होती. तिसऱ्या सोमवारी त्यांनी नुसतं सुकेळ्यांचं पुडकं माझ्या हातात ठेवलं. चौथ्या सोमवारी मी विचारलं, "आजही गर्दी होती का?" तर बॅग मांडीवर घेऊन बसले आणि म्हणाले, "नाही गं. अगदी रिकामी होती." मग म्हणाले, "चाळीस वर्षं ड्यूटी केली. कधी पहाटे घरी आलो, कधी भर दुपारी. दाराशी आलो की आतून कडी निघायची. माझ्या घराच्या कुलपाची किल्ली कुठल्या बाजूला फिरवतात, हेही मला ठाऊक नाही, पोरी."

त्या दिवसापासून आम्ही कुणी काही विचारलं नाही. गावी जाववत नव्हतं आणि लेकीकडे राहणं मनाला पटत नव्हतं. या दोन्हींच्या मधोमध त्यांनी सोमवारची ती दहा तासांची फेरी शोधून काढली होती. दिवसभर ते स्टँडच्या बाकावर बसून सुटणाऱ्या गाड्या पाहत. आमचा वॉचमन दामू, विक्रमगडकडचा, तोही या नाटकात सामील होता. सोसायटीनं पाहुण्यांच्या नोंदीसाठी मोबाइलवरचं ॲप आणलं तरी दामूनं जुनी वही एकट्या आतोबांसाठी टेबलाच्या खणात जपून ठेवली. नाव, कोणाकडे, काम. कामाच्या रकान्यात आतोबा आपल्या वळणदार अक्षरात लिहायचे : 'आठ दिवस.'

नाटक मोडलं ते मी. त्याबद्दल मला स्वतःला क्षमा करता आलेली नाही, आणि येईल असं वाटतही नाही. ऑफिसात वर्षअखेरीची कामं तुंबली होती, मला उशीर झाला होता, चप्पल सापडत नव्हती. आतोबा दारात हात पुढे करून उभे. आदल्या दिवशीच्या कढीत घरातलं दही संपलं होतं. मी म्हणाले, "दही नाहीये आतोबा. आणि हवंय कशाला? संध्याकाळी सहाला परत येणारच आहात ना?"

चार वर्षांत हे वाक्य घरात कुणी उच्चारलं नव्हतं. आतोबांनी पुढे केलेला हात सदऱ्याला पुसला. "खरं आहे," ते म्हणाले, आणि हसून जिना उतरले. मी ते हसणं पाहिलं आणि तरीही चप्पल शोधत राहिले.

सहा वाजले, साडेसहा वाजले, बेल वाजली नाही. हे स्कूटर काढून स्टँडवर जाऊन आले. बाक रिकामा होता. सातला माझा फोन वाजला. "पोरी," आतोबा म्हणाले, "कुलूप उघडलं. डावीकडं फिरवायचं असतं ते."

मी माफी मागायला तोंड उघडलं तर ते घाईघाईनं म्हणाले, "आठ दिवसांत येतो." पुढच्या सोमवारी मी फोन केला, तेव्हाही म्हणाले, आठ दिवसांत येतो. असे पाच सोमवार गेले. पाचूबंदरची मासेवाली ह्यांना बाजारात भेटली तेव्हा तिनं विचारलं, "बाबा कुटं गेलं?" हे तिच्याकडून नको असताना मासळीचे दोन वाटे घेऊन आले. सहाव्या आठवड्यात मी रजा टाकली, सुकेळ्यांचं पुडकं घेतलं आणि गावी गेले. दाराशी उभी राहून हाक मारली. आतून कडी निघाली. आतोबा वाळून अर्धे झाले होते. "इकडं जरा काम निघालं होतं," मी म्हणाले, "म्हटलं आठ दिवस राहून जावं."

"राहा की," ते म्हणाले. "माहेर आहे तुझं."

मी राहिले. गुठळ्यांचं पिठलं खाल्लं, आत्याच्या फडताळातली धूळ पुसली. शेवटच्या दिवशी म्हटलं, "आतोबा, मी चुकले." त्यांनी मान हलवली. "गाडीची वेळ तू बरोबर सांगितलीस. बरोबर वेळ सांगणाऱ्याला कुणी रागवतं का?" मी चला म्हणाले. या खेपेला 'आठ दिवसांसाठी' म्हटलं नाही, आणि त्यांनीही किती दिवस म्हणून विचारलं नाही. कुलूप त्यांनी स्वतः लावलं आणि किल्ली माझ्या पर्समध्ये टाकली.

गेटवर दामूला कोण आनंद झाला. त्यानं खण ओढून वही काढली, पेनचं टोपण उघडून दिलं. आतोबा न थांबता पुढे गेले. "बाबा, सही ऱ्हायली," दामू म्हणाला. "अरे, स्वतःच्या घरात जायला सही करतात होय?" आतोबा म्हणाले. मी बॅग घेऊन मागून येत होते. मला समोरचं काही दिसेना.

पुढच्या सोमवारी मी दह्याची वाटी घेऊन उभी राहिले. आतोबा पेपर वाचत बसले होते. "ठेव तिथं, जेवताना घेईन," ते म्हणाले. तसे तीन सोमवार आमच्या वाट्याला आले. चौथ्या आठवड्यातल्या गुरुवारी गासहून आणलेली भाजी त्यांनी स्वतः निवडली, पोटभर जेवले, दुपारी पडले आणि उठले नाहीत. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेले. चार वर्षं ज्यांना निरोपाची एवढी हौस, त्यांनी खरा निरोप घेतलाच नाही.

खाली नेताना मला एकदम आठवलं. मी धावत स्वयंपाकघरात गेले. त्या दिवशी घरात दही होतं. चमचाभर दही त्यांच्या तळहातावर घातलं आणि बोटं मिटवली. शेजारच्या काकू म्हणाल्या, असं करतात का गं? मला माहीत नव्हतं. गेटपाशी दामू वही उराशी धरून रडत उभा होता. "ताई, बाबांचं 'बाहेर' लिवू का?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "नको रे. घरच्या माणसाचं लिहीत नाहीत."

याला आता वर्ष होत आलं. रविवारी मी न विसरता विरजण लावते, आणि सोमवारी सकाळी छान घट्ट दही लागलेलं असतं. हात पुढे करणारं कुणी नसतं, म्हणून संध्याकाळी त्याचीच कढी होते. आमचे हे पातेलं उचलून टेबलावर आणतात आणि घसा खाकरतात. मग काही न बोलता माझ्या ताटात वाढतात.